दोन्ही हात मोकळे पाहिजेत

लाखनीत मी ज्यांच्या घरी भाड्यानं राहत होते त्या काकांनी, खोली देण्याआधी, मला तिच्यात एक दुपार बसवून ठेवलं होतं. तिथल्या कॉलेजच्या ग्रंथालयात माझी नेमणूक झाली होती. मी नाशिककडची, गावात ओळख ना पाळख. खोली बघताक्षणी आवडली म्हणून मी भाडं विचारलं, तर काका म्हणाले, "भाड्याचं मंग पाहू जी. पयले दार लावून बसा आतमंधी. पंखा लावा, पुस्तक वाचा, झोप आली तं झोपा. खोली तुमाले सोसते का, थे पाहा."

मला वाटलं थट्टा चालली आहे. पण त्यांनी खरोखरच दार ओढून घेतलं आणि गेले. एप्रिलची दुपार. थोड्याच वेळात कळलं की पश्चिमेची भिंत तव्यासारखी तापते, आणि हायवेवर ट्रकनं गिअर बदलला की कपाटाचा आरसा थरथरतो. बाहेर आले तर काका ओसरीत वाट बघत बसलेले.

"भिंत तापते," मी म्हटलं.

"तापते. अन् ट्रक?"

"ऐकू येतात."

"मंग, चालन?"

"चालेल."

"आता सांगतो भाडं," काका म्हणाले आणि चहा मागवला.

काका एसटीत ड्रायव्हर होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, तरी कुठल्याही गाडीत बसण्याआधी तिला एक चक्कर मारायची, टायरला पाय लावून बघायचा, ही सवय सुटली नव्हती. कुणी नवी मोटारसायकल दाखवायला आणली तरी तेच. निवृत्तीनंतर गाड्या कमी झाल्या, तेव्हा त्यांनी हा नियम जगातल्या सगळ्या वस्तूंना लावला. चप्पल घ्यायची तर ती घालून दुकानापासून बसस्टँडपर्यंत जाऊन यायचे. दुकानदार दारात उभा राहून बघत राहायचा, म्हातारा परत येतो की नाही. पलंग घ्यायला गेले तेव्हा दुकानातच त्याच्यावर आडवे झाले आणि घोरायला लागले. दुकानदारानं जेवायला जायचं म्हणून हलवून उठवलं, तर म्हणाले, "झोप लागली. बांधून द्या."

काकूंसाठी कुकर आणायचा होता तेव्हा त्यांनी दुकानात पाणी मागून तो काठोकाठ भरायला लावला. "रिकामा तं कोनीबी उचलते," ते काकूंना म्हणाले, "भरलेला उचलून पाहा." काकूंचं मनगट दुखरं होतं. तो कुकर परत फळीवर गेला आणि धाकटा घरी आला.

काकू हे सगळं सांगताना पदर तोंडाला लावून हसायच्या. "अन् मले पाहाले आले तवा? चहा थंडा होयाच्या आत हो म्हनून मोकळे झाले! तवा नाही चक्कर मारली."

"तवा अक्कल नव्हती," काका म्हणायचे. पण म्हणताना त्यांचा चेहरा असा व्हायचा की चहा थंड होऊ न दिल्याचं त्यांना अजून समाधान आहे हे कुणालाही कळावं.

स्वतः काका बटणांचा जुना फोन वापरत. मागचं झाकण निसटतं म्हणून त्याला रबर लावलेलं होतं. आळीतल्या प्रत्येकाच्या हातात मोठा काचेचा फोन आला, तरी काकांचा रबरवालाच. कुणी टोकलं की म्हणायचे, "थो बोलते, थो आयकते. माह्यापाशी त्याले सांगाले आनखी काम नाही. बिनकामाचा मानूस घरी ठेवत नाही, मंग फोन कायले ठेवू?"

गंमत म्हणजे, आळीत कुणाला नवा फोन घ्यायचा असला की लोक काकांनाच बरोबर नेत. फोनमधलं त्यांना फार कळत होतं म्हणून नव्हे. ते विकत घेणाऱ्याची उलटतपासणी घेत म्हणून.

माझा फोन पाण्यात पडला तेव्हा मीही त्यांच्या तावडीत सापडले. जाताना वाटेतच सुरुवात झाली. "सकाळी उठल्यावर फोनचं पयलं काम काय?"

"गजर बंद करणं."

"मंग?"

"बातम्या वाचते. आईला फोन. कुठं जायचं असलं तर बसमध्ये काहीतरी वाचते."

"उभ्यानं का बसून?"

"जागा मिळाली तर बसून."

दुकानात गेल्यावर मी मैत्रिणीच्या फोनसारखा मोठा, पातळ, चकचकीत फोन मागितला. काकांनी तो माझ्या डाव्या हातात दिला, उजव्या हातात पुस्तकांची पिशवी दिली आणि म्हणाले, "आता एका हातानं पान फिरवा." अंगठा अर्ध्या काचेपर्यंतच पोचला. मग त्यांनी मला दुकानाबाहेर भर उन्हात उभं केलं. "अक्षरं दिसतेत?" दिसत नव्हती. काच आरशासारखी झाली होती आणि तिच्यात मी स्वतःच डोळे बारीक करून उभी होते. रस्त्यावरचे लोक बघायला लागले. मी लाजून आत आले आणि शेवटी एक आखूड, जाडसर, माझ्या मनात कधीच नसलेला फोन घेऊन घरी गेले.

तो फोन पुढं पुष्कळ वर्षं टिकला. पण एक गोष्ट काकांच्याही ध्यानात आली नाही. त्यांनी त्याच्या आवाजाची परीक्षा चौकात, ट्रकच्या गर्दीत उभं राहून घेतली होती आणि "हा कसा, खणखणीत!" म्हणून तोच पसंत केला होता. दुसऱ्या दिवशी तो माझ्या ग्रंथालयात वाजला. अभ्यास करणारी मुलं दचकून उभी राहिली. मी काकांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी कपाळावर हात मारला. "तुमी कामाले कुठी जाता, थे ध्यानातच नाही घेतलं!"

त्यानंतरच्या पावसाळ्यात त्यांच्याबद्दल चमत्कारिक गोष्टी कानावर यायला लागल्या. त्याच दुकानदारानं मला थांबवून विचारलं, "मॅडम, तुमचे घरमालक बरे हायेत न?"

"का हो?"

"काही नाही. दुकानात येतेत, फोनचा समोरचा कॅमेरा लावाले लावतेत अन् त्याच्यासमोर हातवारे करतेत. घेत काहीच नाही. शहापूरच्या माह्या साळ्याच्या दुकानातबी गेलते म्हने. त्याले वाटलं, वारं गेलं का काय अंगावरून."

मी घरी येऊन काकूंना विचारलं. काकू तांदूळ निवडत होत्या. त्यांचे हात थांबले.

"त्यायचा लहान भाऊ हाये आंधळगावले. माग चालवते. जन्मापासून आयकू येत नाही, बोलता येत नाही. शिकला नाही, म्हनून लिहून कळवाचीबी सोय नाही. दोघायची आई लवकर गेली, आत्यानं वाढवलं. लहानपनी या दोघायनंच हातायची बोली बनवली. थे दुसऱ्या कोनाले पुरती समजत नाही. त्याच्या सूनबाईले थोडी येते, मले थोडी येते. पुरती या दोघायलेच."

मग मला उलगडा झाला. काकांचं घराणं आंधळगावचं, विणकरांचं. हा थोरला तेवढा मागावरून उठून स्टिअरिंगवर गेला. नोकरीत असताना प्रत्येक सुटीला ते भावाकडं जायचे आणि दिवसभर हातांनी गप्पा मारून यायचे. निवृत्तीनंतरही तेच चालू होतं. मग मणक्यानं दगा दिला. डॉक्टरांनी बसचे धक्के बंद करायला सांगितले. आता ओळखीच्या कुणाची गाडी मिळाली, मणका बरा असला, तर कधीतरी भेट.

"मग फोन घेऊन टाकत का नाहीत?" मी विचारलं.

"त्यायलेच इचारा."

मी विचारलं. काका म्हणाले, "मॅडम, थ्याच्या डोळ्यानं पाहा. घरातली सगळी मानसं एका डब्ब्याशी बोलतेत, हासतेत, अन् याले कोनी काही सांगत नाही. फोन म्हनलं का थो तोंड फिरवते. आता मी त्याच्या हाती फोन देला अन् थो धड नाही चालला, तं दुसऱ्यांदा हात नाही लावनार. मले एकच डाव हाये. म्हनून पाहून राहिलो."

ते काय पाहत होते, तेही त्यांनी सांगितलं. हात भरभर हलवला की काही फोनांत बोटांचा नुसता धूर दिसतो. काही फोनांत चेहरा मावतो पण हात चौकटीबाहेर जातात. आणि चेहराही लागतोच, कारण तोच हात हसत केला तर एक अर्थ, भुवया ताणून केला तर दुसरा.

"एकदा माझ्या फोनवरून बघू या," मी म्हटलं. "सूनबाईंकडं आहे ना फोन?"

सुटीच्या दिवशी सकाळी आम्ही माझा फोन टेबलावर स्टीलच्या डब्याला टेकवून ठेवला. सूनबाईनं पलीकडं फोन कशावर तरी उभा केला, सासऱ्यांना समोर बसवलं आणि ती पाणी भरायला गेली. काकांचा भाऊ मी पहिल्यांदा पाहिला. काकांचंच नाक, काकांचेच कान, फक्त अंग सुकलेलं. काकांनी हात हलवले. भावानं संशयानं फोनकडं बघितलं, मग एकदम काहीतरी भरभर सांगायला लागला. चित्र अडखळायला लागलं. हात इथून तिथं उड्या मारायला लागले. आणि मग सगळंच थिजलं. भावाचं तोंड वाकडं झालेलं, डोळे मोठे, आणि उजवा हात पालथा. तेवढ्यात फोन कटला.

काका उठून उभे राहिले.

"गेलं," ते म्हणाले.

"काय गेलं?"

"पालथा हात. पालथा हात म्हंजे गेलं. मेलं. आत्या गेली."

आत्या म्हणजे ज्यांनी दोघांना वाढवलं त्या. फार थकल्या होत्या, भावाकडंच बाजेवर असत. मी पुन्हा फोन लावला. लागेना. परत लावला. वाजला, पण कुणी उचलेना.

"आत्या गेली असती तं सूनबाईनं सांगतलं नसतं का?" काकू म्हणाल्या.

"तिले तरी मालूम असन का? आत्ताच गेली असन. थो एकटा हाये तिथं, कोनाले हाक तरी कशी मारन थो?"

काकांनी शेजाऱ्याची गाडी काढायला लावली. मणक्याचं नाव काढायची कुणाची हिंमत झाली नाही. मी आणि काकू मागं बसलो. काका पुढं बसले, आणि त्यांनी गाडीला चक्कर मारली नाही. काकूंनी माझा हात घट्ट धरला तो तेव्हाच.

भंडाऱ्यावरून आंधळगावचा रस्ता लागला. धानाची बांधी पाण्यानं भरलेली, बायका रोवणीला वाकलेल्या. काका समोरच्या काचेतून बघत होते, पण त्यांना काही दिसत असेल असं वाटलं नाही. घरासमोर गाडी थांबली तसे ते पाठ धरून उतरले आणि ओट्यापाशीच थांबले.

ओसरीत बाजेवर आत्या बसल्या होत्या आणि वाटीतले पोहे बोटांनी पुसून खात होत्या.

"काहून आला रे असा वेळी-अवेळी?" त्या म्हणाल्या.

आतल्या खोलीत मागापाशी काकांचा भाऊ गुडघ्यांवर बसून जमीन पुसत होता. सगळीकडं पांढरं पांढरं झालं होतं. सुताला लावायची खळ, भाताची, भांडंभर शिजवून ठेवलेली, ती पार वाहून गेली होती. सूनबाई ओल्या हातांनी धावत आली आणि म्हणाली, "मांजरीनं भांडं पालथं केलं न जी! सकाळपासून मामाजी सगळ्यायले थेच सांगून राहिले!"

काका ओट्यावर खाली बसले. आधी हसले, मग डोळ्यांना उपरणं लावलं, मग परत हसले. भावानं त्यांना पाहिलं, आम्हाला पाहिलं, गाडी पाहिली. काकांनी हातांनी झालं ते सांगितलं. भावाचा चेहरा बदलत गेला आणि तो भडकला. स्वतःच्या कमरेवर थापा मारून काकांच्या मणक्याकडं बोट दाखवलं, डोक्याशी बोट फिरवलं. काकांनीही उलट सुरू केलं. दोघंही एकाच वेळी बोलत होते, आणि डोळ्यांनी ऐकायच्या भाषेतही एकाच वेळी बोलणाऱ्यांचं काही ऐकू जात नाही हे मला तिथं कळलं. आत्या पोह्यांची वाटी खाली ठेवत म्हणाल्या, "हे दोघं भांडतेत तवा घरात वारा सुटते."

शेवटी भावानं माझ्या हातातल्या फोनकडं बोट केलं आणि सडकं वांगं उकिरड्यावर फेकावं तसा हात झटकला. त्याचा अर्थ मलाही कळला.

मला वाटलं, संपलं. पण जेवणं झाल्यावर काका उठले आणि घर बघायला लागले. ज्या घरात जन्मले ते घर त्यांनी पहिल्यांदाच आल्यासारखं पाहिलं. माग अंधाऱ्या खोलीत, विणणारा खड्ड्यात पाय सोडून बसणार. तिथं उजेड नाही आणि फोनची रेंजही नाही. ओसरीत दोन्ही होतं. कोणत्या कंपनीचं कार्ड या आळीत चालतं, ते त्यांनी घरोघरी जाऊन विचारलं. भाऊ खांबाला टेकून त्यांच्याकडं बघत होता.

लाखनीला परत आल्यावर काकांनी पडून राहायचा शब्द काकूंना दिला आणि बरेच दिवस पाळला. उठल्यावर ते सरळ त्या दुकानदाराकडं गेले आणि या वेळी फोन घ्यायचाच म्हणाले. मी सोबत होते. दुकानदार आधी विक्रीच्या ओघातच होता.

"काका, हा घ्या. फोटो असा येते का नवरदेव लाजन."

"फोटो राहू द्या जी. हात हलला तं बोटं येगळी दिसतेत का?"

"याच्यात गेम जबरदस्त चालते."

"अन् हा हातात न धरता उभा राह्यते का?"

दुकानदार हसला. "काका, फोन कोन उभा करते? फोन तं हातातच धरतेत."

"ज्याले बोलाले दोन्ही हात लागतेत," काका म्हणाले, "त्यानं कोन्या हातात धरावा?"

दुकानदाराचं हसू गेलं. त्यानं काउंटरवरचं झाकलं, नोकराला गिऱ्हाईक सांभाळायला सांगितलं आणि दाखवायचे दोन फोन घेऊन स्वतः रस्त्याच्या पलीकडं जाऊन उभा राहिला. काका इकडं, तो तिकडं. त्याला हातांची बोली कुठून येणार? तो आपला एक, दोन, तीन बोटं दाखवत होता, कान धरत होता, नाक धरत होता, आणि काका इकडून ओरडत होते, "अंधारात जा! आता सावलीत! आता भरभर!" सगळा चौक गोळा झाला. अशा तऱ्हेनं दोन सारखे फोन ठरले. दुकानातले सर्वांत भारी नव्हते, पण त्यांच्यात बोटं बोटांसारखी दिसत होती. काकांचा अंगठा स्टिअरिंगनं इतका निबर झालेला की काच तो ओळखेना. तेव्हा करंगळीनं फोन लावायचा सराव झाला.

एक फोन आंधळगावला पोचला. भावानं त्याला हात लावला नाही. सूनबाईनं तो कोनाड्यात ठेवला. काकू चिडल्या, "एवढा जीव काढला अन् थे पाहतबी नाही!" काकांनी ना आग्रह केला ना निरोप धाडला. रोज संध्याकाळी आपला फोन समोर उभा करून बसायचे आणि अंधार पडला की झाकून ठेवायचे.

असे बरेच दिवस गेले. मग एका रविवारी चार वाजायच्या सुमाराला फोन वाजला. मी ओसरीतच होते. काकांनी करंगळी लावली. पलीकडं ओसरी, उजेड, आणि मधोमध भाऊ. चित्र जरा तिरपं होतं. मागून सूनबाईचा आवाज आला, "मामाजीनं जुन्या धोट्याले खाच पाडली न फोन बसवाले आपल्या हातानं ठेप केली! मी काहीच नाही केलं!" मागावर इकडून तिकडं धावून झिजलेला धोटा आता फोनला टेकू झाला होता. काकांचे हात चालले. जेवला का, एवढंच त्यांनी विचारलं.

भावानं उत्तराला हात उचलला आणि तो तिथंच थांबला. त्याची नजर काकांवर नव्हती. काचेच्या कोपऱ्यात, नखाएवढ्या चौकटीत, त्याला तो स्वतः दिसत होता. त्यानं हात खाली केला, कोपऱ्यातल्यानंही केला. मग त्यानं हळूहळू, एकेक बोट उलगडत, काहीतरी सांगायला सुरुवात केली. नव्या ताण्याविषयी होतं, मग मांजरीविषयी. सांगता सांगता तो कोपऱ्यात बघत होता, एखादा हात पुन्हा करून बघत होता, भुवया चढवून बघत होता, आणि खुदकन हसत होता. आरशात त्यानं तोंड पाहिलं असेलच. पण बोलताना आरशासमोर कोण उभं राहतं?

काकांनी मध्येच काही सांगायला हात उचलला, परत उचलला. पलीकडं कुणाचं लक्ष नव्हतं. मग त्यांनी दोन्ही हात मांडीवर ठेवले.

काकूंनी आतून विचारलं, "काय म्हनते जी भाऊजी?"

"मले काही नाही म्हनून राहिला," काका फोनवरची नजर न काढता म्हणाले. "आपलंच बोलनं आयकून राहिला. जन्मात पयल्यांदा. आयकू दे त्याले."